आजीच्या लुगड्यांची गोधडी, साडेपाच महिने आणि माझी वाया गेलेली पीडीएफ

आधीच सांगते, लांबलंय हे. "क्वालिटी मस्त, डिलिव्हरी वेळेत" असं दोन ओळीत लिहून सुटले असते पण डिलिव्हरी वेळेत अजिबातच नव्हती आणि नुसतं मस्त म्हणून सोडून द्यावं असं ते प्रकरणही नाहीये. तर भोर तालुक्यातल्या एका गावात चार बायका मिळून गोधड्या शिवून देतात. जुने कपडे आपण न्यायचे, शिलाई त्यांची. दुकान नाही, बोर्ड नाही, इन्स्टा वगैरे तर नाहीच. एक मोबाईल आहे तो सुनेकडे असतो आणि तिला रेंज फक्त गच्चीवर येते. नंबर मागू नका प्लीज, त्यांनीच नको म्हणून सांगितलंय, हातातल्याच पुऱ्या होईनात त्यांच्या. पण तुमच्या ओळखीत, गावाकडे कुठे कुणी अशी गोधडी शिवून देणारं असेल आणि तुम्ही कपाटातलं बोचकं घेऊन निघाला असाल तर हे वाचून जा, माझ्यासारखी पीडीएफ घेऊन जाऊ नका.

माझी आजी जाऊन तीन वर्षं झाली. तिचं एक बोचकं आईच्या कपाटात वर पडून होतं, काढवत नव्हतं आणि टाकवत नव्हतं. दोन इरकली लुगडी, एक हिरवं एक काळपट जांभळं, एक इचलकरंजीचं साधं सुती पातळ रोजच्या वापरातलं, खणाच्या दोन चोळ्या, त्यातली एक लालभडक. आणि आजोबांचं धोतर, आणि मांजरपाटाचा, म्हणजे जाड्याभरड्या सुती कापडाचा, एक अख्खा तागा म्हणावा इतका मोठा तुकडा. आजोबा लालबागला गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि तो कधी संपलाच नाही आमच्या घरापुरता, आजोबा गावी आले ते आलेच. मांजरपाट त्या आधीचं, गिरणीतून आणलेलं. आजीनं ते चाळीस वर्षं "कामाला येईल" म्हणून ठेवलं. आमच्या घरात कामाला येईल म्हणून ठेवलेल्या वस्तू माणसांपेक्षा जास्त जगतात, असो.

मध्ये एकदा मी एका ऑनलाइन दुकानाकडून "तुमच्या आठवणींची रजई" प्रकार करून घेतलेला, माझ्या मुलीच्या बाळपणीच्या झबल्यांचा. फॉर्म भरा, डिझाईन निवडा, दहा दिवसात घरी. आली दहा दिवसात. दुसऱ्या धुण्यात मशीनची शिवण एका कडेनं जी सुटली ती सुटतच गेली आणि आतला कापूस एका कोपऱ्यात जाऊन बसला. तेव्हा यावेळी हाताचीच हवी हे नक्की होतं, आणि भोरकडच्या ह्या बायकांचं नाव आईच्या भिशीतल्या एका काकूंनी सांगितलं.

नोव्हेंबरात, भातं निघाल्यावर गेले. मी जाहिरातीच्या धंद्यात आहे, ग्राफिक डिझायनर, त्यामुळे मोकळ्या हातानं जाणं शक्यच नव्हतं. लॅपटॉपवर तीन रात्री बसून चौकोन-चौकोन आखून, लुगड्यांचे फोटो काढून रंग उचलून, व्यवस्थित मापं टाकून एक पीडीएफ केली होती आणि ती रंगीत प्रिंट काढून नेली. पाच फूट बाय साडेसात, मध्ये हिरवं, बाजूनी जांभळं, चारी बाजूनी काठांचा गोट. दिसायला खरंच छान होती, मी आजही म्हणेन.

मावशींनी (ज्या सगळ्यांत मोठ्या आहेत, साठीच्या पुढच्या, बाकी सगळ्या त्यांच्या शब्दात असतात असं मला आधी वाटलं, तसं नाहीये ते पुढे कळलं) कागद हातात घेतला, चष्मा लावून नीट बघितला, सुनेला दाखवला, शेजारच्या काकूंना दाखवला. "ब्येस काढलंय" म्हणाल्या. मग घडी करून देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवला आणि म्हणाल्या, "आता कापड दावा."

मी म्हटलं मावशी मापं सगळी त्यात आहेत. तर म्हणाल्या, "ते हाय की. पर कापड काय म्हंतंय ते बघाय नको का?"

मी मनात म्हटलं झालं, आता हे आपल्या मनाचंच करणार. आणि तसंच झालं, पण त्यांच्या मनाचंही झालं नाही, म्हणजे नक्की कुणाच्या मनाचं झालं हे मला अजून सांगता येत नाही.

बोचकं सोडल्यावर पहिला तास नुसता हात फिरवण्यात गेला. एकेक कापड उन्हाकडे धरून बघायचं, दोन्ही हातात ताणून बघायचं, कुठे विरलंय ते. माझ्याकडचा एक दुपट्टा होता छान पिस्ता रंगाचा, तो लगेच बाजूला. पॉलिस्टर मिक्स आहे, सुई नीट जात नाही आणि अंगाला घाम येतो म्हणे. इरकलीचे पदर पण बाजूला, मला वाईट वाटलं कारण पीडीएफमध्ये तेच तर मेन होते, तो लाल पांढरा पदर, टोप-तेनी म्हणतात तो. पण इरकलचं अंग सुताचं असतं आणि पदर रेशमी, दोन वेगळे ताणे कोंड्या घालून एकमेकांत अडकवून जोडलेले असतात, आणि जुनं रेशीम सुताच्या आधी फाटतं. "ह्ये आत घातलं तर तीन वर्सांत आतल्या आत चिंध्या हुतील," म्हणून पदर फक्त वरून, ते पण थोडे. मला लुगडी इतकी वर्षं बघून हे माहीत नव्हतं.

आणि गणित. एका नऊवारीचे सत्तावीस फूट, त्याचे साडेसात-साडेसातचे तीन थर निघतात आणि वर साडेचार फूट तुकडा उरतो, पण पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, चार फुटाच्या आसपास आणि गोधडी पाच फूट, म्हणजे प्रत्येक थराला फूटभर जोड द्यायला लागणार. माझ्या पीडीएफमध्ये हा पन्ह्याचा विचारच नव्हता. मावशींनी हे कागद न घेता, कापड जमिनीवर वितीनं मोजत दोन मिनिटात सांगितलं. आतल्या थरांना धोतर आणि मांजरपाट, कारण धोतर धुऊन धुऊन लोण्यासारखं झालेलं आणि मांजरपाट जाड, ऊब त्याची. माझ्या डोक्यात धोतराला काही जागाच नव्हती, पांढरं आहे, दिसणार नाही मग कशाला. न दिसणारं पण लागतं म्हणे.

मी विचारलं कधीपर्यंत. "होळीला नेताल."

आता खरी गोष्ट, जिच्यासाठी हे सगळं लिहितेय.

डिसेंबरात फोन केला तर सून म्हणाली मांडलीय. मला वाटलं शिवायला घेतली. दुसऱ्या आठवड्यात फोन केला, तेच, मांडलीय. तिसऱ्या आठवड्यात मी रविवारी गाडी काढून गेलेच. बघते तर ओसरीवर सतरंजी, त्यावर मांजरपाट अंथरलेलं, त्यावर लुगड्यांचे तुकडे नुसते ठेवलेले, कोपऱ्यांवर नदीतले गोटे वजनाला. एक टाका नाही घातलेला. आणि मधून कोंबडी चाललीय.

मी जराशी चिडलेच. सून हसली आणि तिनं मला सांगितलं ते कसं चालतं. कापड मांडून ठेवायचं आणि आपापली कामं करायची. घरातलं, शेजारचं, ज्याला कुणाला जाता-येता काही खुपेल त्यानं एक तुकडा हलवायचा. एकच. दोन नाही. आणि दुसऱ्यानं ठेवलेला तुकडा काढून टाकायचा नाही, हलवायचा फक्त. असं आठ-दहा दिवस कुणी काहीच हलवलं नाही की मग टाचायला घ्यायचं.

म्हटलं म्हणजे याला मुदतच नाही. तर ती म्हणाली, "थांबतंय आपोआप. एकदा जमलं की हात जात नाही कुणाचा."

मी तिथे चहा घेत तासभर बसले आणि तेवढ्यात दोनदा हललं. एकदा शेजारच्या काकू मीठ मागायला आल्या, मीठ घेतलं, जाताना वाकून जांभळ्याचा एक पट्टा वीतभर खाली सरकवला आणि गेल्या, कुणाला काही बोलल्या नाहीत, कुणी त्यांना विचारलं नाही. मग मावशींचे यजमान आले, गोठ्याकडून, त्यांनी लांबूनच काठीनं एक काठाचा तुकडा आडवा होता तो उभा केला. मावशी आतून ओरडल्या, "तुमाला काय कळतंय त्यातलं," पण तुकडा उभाच राहिला. नियम म्हणजे नियम.

मग मला म्हणाल्या, तुम्ही पण हलवा की. आणि मला सुचेना. खरंच सांगते. आमच्या ऑफिसात दर मंगळवारी आयडिया काढायची मीटिंग असते, पिवळ्या चिठ्ठ्या भिंतीला लावायच्या, पाऊण तासात चाळीस चिठ्ठ्या आणि शेवटची पंधरा मिनिटं त्यातल्या एकोणचाळीस का चालणार नाहीत ते सांगण्यात, त्यात मी तरबेज आहे. इथे एकच तुकडा हलवायचा आणि काढायचं काही नाही म्हटल्यावर हात अडकला. मी मोबाईलवर माझी पीडीएफ उघडून बघितली, समोर बघितलं, आणि तोपर्यंत पीडीएफपासून ते इतकं लांब गेलं होतं की कुठून ओढून आणायचं तेच कळेना. शेवटी मी आजीच्या रोजच्या पातळाचा एक फिकट तुकडा होता कडेला, तो जरा आत घेतला. का, माहीत नाही. आजी झोपताना तेच नेसलेली असायची म्हणून असेल. तो तुकडा शेवटपर्यंत तिथेच राहिला, कुणीच हलवला नाही, आणि याचा मला आजवरच्या एकाही अवॉर्डपेक्षा जास्त आनंद झालाय, हे वाचून ऑफिसातले हसतील तर हसोत.

जळक्या भोकाचं सांगायचं राहिलं. हिरव्या इरकलीला गुडघ्याच्या जागी स्टोव्हनं पडलेलं एक भोक होतं, बत्ताशाएवढं. मी म्हटलं तेवढं कापून टाका. मावशी म्हणाल्या, कापायचं नाही, ठिगळ लावू. शेजारच्या काकू म्हणाल्या, ठिगळ बरोबर मधोमध येतंय, वाईट दिसेल, हे कापड उलटं फिरवून भोक पायाकडे न्या. सून म्हणाली मोठं फूल करून वर बसवू, भोक झाकलं जाईल. मी अर्थातच सुनेच्या बाजूनं. हा वाद महिनाभर चालला, फोनवर मला अपडेट यायचे. शेवटी मावशींची नात, चौथीतली, तिनं तिथे बसून गृहपाठ करता करता म्हटलं की खालून लावा ना. सगळ्या म्हणाल्या खालून म्हणजे? तर तिनं खणाच्या लाल चोळीचा तुकडा उचलून हिरव्याच्या खाली सरकवला, आणि भोकातून लाल दिसायला लागलं. बस. भोकाच्या कडा आत दुमडून बारीक टाके घातले की झालं. ठिगळ वरून न लावता खालून.

डिझाईनच्या पुस्तकात या प्रकाराला मोठंसं नाव आहे आणि मला ते नाव माहीत होतं, तीन वर्षं कॉलेजात शिकलेय, पण ते महिनाभर मला सुचलं नाही आणि पाढे पाठ करणाऱ्या पोरीला सुचलं. तेही मावशींनी भोक कापू दिलं नाही म्हणून. आणि काकूंनी ठिगळाला नाट लावला म्हणून. मला वाटत होतं वेळ वाया चाललाय.

टाचणं झाल्यावर धावदोरा. हे बघायला मी मुद्दाम सुट्टी टाकून गेले, फेब्रुवारीत. चौघी चार बाजूंना बसतात, सगळ्यात बाहेरच्या कडेपासून सुरुवात आणि आत आत येत जायचं, चौकोनात चौकोन. दोन रांगांमध्ये पाऊण इंच, ते पण मोजून नाही, बोटानं. मी घरी येऊन हिशोब केला, एवढ्या मापाच्या गोधडीत पाऊण इंचावर रांगा म्हणजे एकूण ६०० फूट शिवण होते आणि इंचाला तीन टाके धरले तर २१,६०० टाके.

आणि गंमत म्हणजे चौघींचे हात वेगळे. मावशींचा टाका बारीक आणि घट्ट. सुनेचा सरळ पण जरा सैल. काकूंचा लांब, घाईचा, पण एका रेषेत. चौथ्या, त्या फारशा बोलत नाहीत, त्यांचा टाका सगळ्यात देखणा, तांदळाच्या दाण्यासारखा. आता एकीचा घट्ट आणि एकीचा सैल असा चारी बाजूंनी ओढत गेला तर गोधडी वाकडी होणार, मग काय करतात, दर दोन रांगांनी सगळ्या उठून एक एक जागा पुढे सरकतात. त्यामुळे प्रत्येक बाजूला चौघींचाही हात येतो आणि ताण सगळीकडे सारखा पडतो. मी विचारलं हे कुणी शोधून काढलं, तर म्हणे "पाठ आखडती एका जागी बसून, म्हणून सरकायचं," आणि मग ताणाचं पण सांगितलं. यातलं आधी काय सुचलं असेल देव जाणे.

कोपऱ्यांचं श्रेय सुनेला. तिनं गच्चीवर बसून मोबाईलवर कर्नाटकातल्या सिद्दी बायकांच्या गोधड्या बघितल्या होत्या, यल्लापूर हल्याळ बाजूच्या, त्या कवंदी म्हणतात, आणि चारी कोपऱ्यांना कापडाच्या तिकोनी घड्या घालून फूल काढतात. मावशींना आधी पटलं नाही, आपल्यात नसतं म्हणाल्या. मग म्हणाल्या एक करून दाव. पहिलं वाकडं आलं. उसवू का म्हणाली सून, तर मावशी नको म्हणाल्या, पहिलंय, राहू दे. त्यामुळे माझ्या गोधडीच्या डोक्याकडच्या डाव्या कोपऱ्यातलं फूल वाकडं आहे आणि बाकीची तीन उत्तरोत्तर सुधारत गेलीत, क्रमानं बघितलं तर कळतं.

होळीच्या आधी दोन दिवस फोन. मी म्हटलं निघू का घ्यायला. सून म्हणाली, "ताई, उसवली."

कडेकडून आत येताना जर वरचा थर मधून मधून तळहातानं नीट सारून घेतला नाही तर सगळा ढिलेपणा मध्ये गोळा होतो आणि शेवटी मधोमध फुगा येतो. तसा आला. अकरा रांगा उसवल्या. मी विचारलं बारीकच असेल ना, धुतल्यावर बसला नसता का, तर म्हणाली मी पण तेच म्हटलं, पण आई म्हणाल्या झोपणाऱ्याच्या पाठीखाली रोज येईल तो. मग लग्नसराई, मग कुणाचं तरी आजारपण, मग सून माहेरी. अक्षय्य तृतीयेला गोधडी मिळाली. भर उन्हाळ्यात, चाळीस डिग्रीत, मांडीवर साडेतीन किलोची गोधडी घेऊन मी भोरहून पुण्याला आले.

दिसते कशी? पीडीएफसारखी अजिबात नाही. चौकोन नाहीतच. हिरवं डावीकडून येतं आणि मध्ये जांभळ्यात घुसतं, कडेनं काठ कुठे उभा कुठे आडवा, लांबून बघितलं तर पावसाळ्यातली खाचरं असतात ना डोंगरावरून दिसतात तशी, बांध कुठेच सरळ नाही पण चुकल्यासारखाही वाटत नाही. मधे ते लाल भोक. आजीच्या पातळाचा तुकडा बरोबर गालाशी येतो. आईनं उलगडली, हात फिरवला, भोकापाशी थांबली आणि म्हणाली, "हे त्या दिवाळीतलं, अनारसे तळताना." एवढंच. मला ते भोक कधीचं हे माहीतच नव्हतं, मी तर कापून टाकायला सांगत होते.

आता तक्रारी, कारण आहेत. तारखेचा काही भरवसा नाही, लग्नात किंवा बारशाला द्यायची असेल तर इकडे फिरकू नका, बाळ रांगायला लागेल. फोन लागत नाही. गोधडीला चुलीच्या धुराचा वास होता, तीन ऊन दाखवल्यावर गेला, मला आवडला होता खरं तर पण मुलगी नाक धरायची. पहिल्या धुण्यात लाल खणाचा रंग सुटून भोकाभोवती खालच्या धोतरावर गुलाबी डाग पडला, पण ती चूक माझी, त्यांनी सगळी कापडं मिठाच्या पाण्यात भिजवून रंग बघून आणायला सांगितली होती आणि मी लुगडी भिजवली, चोळ्या राहिल्या. विचारल्यावर हो भिजवल्या म्हणून मोकळी झाले. धोतर आत असल्यामुळे डाग वरून दिसत नाही, मला माहीत आहे तेवढं.

आणि पैसे. चार हजार शिलाई घेतली. मला आधी जरा जास्तच वाटले होते, लाज वाटते सांगायला. मग सुनेच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर शिवायला बसलेल्या दुपारांवर फुल्या होत्या त्या मी मोजल्या, उसवलेलं धरून एकवीस. एकवीस दुपारी, दोन-दोन तास, चौघी, म्हणजे १६८ तास. तासाला चोवीस रुपये पडले. यात ते आठवडेच्या आठवडे मांडून ठेवणं, जाता-येता बघणं, रात्री झोपताना डोक्यात असणं, हे काहीच नाही, त्याची फुली कॅलेंडरवर नसते. मी वर दोन हजार द्यायला गेले तर मावशी घेईनात, शेवटी नातीच्या हातात खाऊला म्हणून दिले, त्या म्हणाल्या एवढा खाऊ कुणी खातं का. तुमच्या ओळखीत कुणी शिवून देत असेल तर भाव करू नका एवढंच सांगेन, आणि "जुन्याच कापडाची तर आहे" हे वाक्य तोंडातून काढू नका, मी एका बाईंना माझ्यासमोर तसं म्हणताना ऐकलंय आणि मावशींचं तोंड बघितलंय.

धुवायचं कसं तर मशीनमध्ये नाही, बादलीत रिठ्याच्या पाण्यात नाहीतर साध्या सौम्य साबणात भिजवून, तुडवून, पिळायची नाही, दोघांनी धरून कठड्यावर टाकायची. ओली झाली की प्रचंड जड होते, एकटीनं उचलायला जाऊ नका. घडी एकाच जागी घालू नका, दर वेळी बदला, नाहीतर रेशमाचा भाग घडीवर तुटतो.

पाचपैकी साडेचार. अर्धा तारखेसाठी कापला. वाकड्या फुलासाठी नाही कापला.

निघताना मी माझी प्रिंट परत मागितली. फळीवर नव्हती. नातीनं त्या कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर गोधडीचं चित्र काढून शाळेत दिलं होतं म्हणे.

आता आईला तिच्या स्वतःच्या साड्यांची हवीय, पुढच्या भातानंतर नंबर लागेल असं कळलंय. तिनं गेल्या आठवड्यात सहा साड्या काढून दिवाणावर पसरून ठेवल्यात, बसायला जागा नाही. काल ऑफिसातून आले तर त्यातली निळी खिडकीकडे गेलेली दिसली. आई म्हणते मी नाही हलवली, मुलगी म्हणते मी नाही. बाबा पेपर वाचत होते.